ऋणानुबंध फिटेपर्यंत

कुनलुन पर्वतावर विजा कोसळतात. शिष्येची वेळ भरलेली असते. हजारो वर्षं साधना केली की स्वर्गाकडून परीक्षा येते, तीन विजांची. सोसल्या तर वरची पायरी, नाही सोसल्या तर राख. ऐन वेळी तिचा गुरू मो युआन पुढे होतो आणि तिन्ही विजा स्वतःच्या अंगावर घेतो. पुढे युद्ध पेटतं. भूतलोकाच्या राजाला एका प्रचंड घंटेत कोंडताना मो युआनचा प्राण जातो. त्यानंतरची ७० हजार वर्षं ती शिष्या, नऊ शेपट्यांच्या कोल्ह्यांच्या राजकुळातली बाय छ्येन, गुरूचं शरीर नष्ट होऊ नये म्हणून त्याला स्वतःच्या काळजाचं रक्त पाजत राहते.

ही 'इटर्नल लव्ह', २०१७ साली आलेली ५८ भागांची मालिका. आणि वर सांगितलेली तिची मुख्य प्रेमकथा नव्हेच, ती नुसती पूर्वपीठिका. तीन विजांचं कर्ज आणि ७० हजार वर्षांचे हप्ते.

चिनी कल्पनारम्य प्रेममालिकांबद्दल आपल्याकडे बोलताना सूर बहुतेक एकच असतो: गोरेगोमटे चेहरे, वाऱ्यावर उडणारे पायघोळ झगे, पाकळ्यांचा पाऊस आणि वास्तवापासून पळ काढायची सोय. कॉलेजातल्या मुलींचं खूळ, रिकामटेकड्या बायकांचा छंद. हे म्हणणाऱ्यांनी बहुधा या मालिकांचे रील्स पाहिलेले असतात, मालिका नाही. देखणे चेहरे कोरियन मालिकांत आहेत, आपल्या सिनेमातही आहेत. तेवढ्यासाठी कुणी ४५ मिनिटांचे ५८ भाग, म्हणजे साडेत्रेचाळीस तास, परक्या भाषेत, पडद्याच्या तळाशी धावणाऱ्या ओळी वाचत बसत नाही. या मालिकांची ओढ कशात आहे त्यासाठी मराठीत एक नेमका शब्द फार पूर्वीपासून आहे, ऋणानुबंध. प्रेम म्हणजे देणं, देण्याची नोंद होते आणि नोंद झालेलं कधी ना कधी फेडावं लागतं, या एका नियमावर हे सगळं जग उभं आहे.

चिनी भाषेत या प्रकाराला 'श्येनश्या' म्हणतात. 'श्येन' म्हणजे साधनेनं अमर झालेला, 'श्या' म्हणजे दुबळ्यांच्या बाजूनं उभा राहणारा वीर. २००५ साली एका गाजलेल्या व्हिडिओ गेमवरून झालेल्या मालिकेनं हा प्रकार टीव्हीवर रुजवला आणि इंटरनेटवर क्रमशः लिहिल्या जाणाऱ्या कादंबऱ्यांनी त्याला अखंड खाद्य पुरवलं. २०१५ नंतर तर दर वर्षी एखादी मालिका देशभर गाजू लागली.

या जगाचं चलन समजून घेतल्याशिवाय त्यातलं प्रेम कळत नाही. सर्वांत सुटं नाणं म्हणजे साधनेची वर्षं. एखाद्याला वाचवायचं तर आपली पाचशे, हजार, दहा हजार वर्षांची साधना त्याच्या शरीरात ओतायची आणि तेवढ्यानं आपण दुबळं व्हायचं. त्याहून मोठी रक्कम म्हणजे काळजाचं रक्त. त्यावर पोटातला मणी, ज्यात साऱ्या शक्तीचा अर्क साठलेला असतो. सर्वांत शेवटी मूळ आत्मा; तो विखुरला की पुनर्जन्मही नाही. स्मृती हेही एक चलनच आहे आणि ती गहाण ठेवली जाते, विकली जाते, चोरलीही जाते. चांगल्या मालिकेत पहिल्या चार-पाच भागांतच हे दर सांगितलेले असतात. नायक नायिकेसाठी 'काहीही करेन' म्हणत नाही. किती केलं ते प्रेक्षकाला आकड्यात कळतं.

हा हिशेब ठेवायला कचेरीही आहे. 'सिमिंग' नावाचा देव माणसांच्या नशिबांच्या वह्या लिहितो, आपल्या चित्रगुप्ताचा जणू सहकारी. २०२२च्या 'लव्ह बिटवीन फेअरी अँड डेव्हिल'मधली नायिका श्याओ लानहुआ याच दफ्तरात राबते. ती ऑर्किडची एक लहानशी परी. खराब झालेल्या वह्या दुरुस्त करायच्या, नोंदी जागच्या जागी ठेवायच्या आणि कधीतरी वरच्या पायरीची परीक्षा पास होऊ अशी आशा धरायची. बऱ्याच नायिका अशाच कनिष्ठ पदावर, नापास व्हायच्या धाकात भेटतात. प्रेम त्यांच्या आयुष्यात नंतर येतं. आधी काम असतं, गुरू असतो, गुणपत्रिका असते. स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलीला या नायिकेशी नातं जोडायला काही सेकंदही लागत नाहीत.

आणि हे जग आपल्याला वाटतं तितकं परकंही नाही. या मालिकांत पदोपदी येणारा शब्द म्हणजे 'ज्ये'. वर चढायचं तर ज्ये पार करायचा: विजांचा ज्ये, प्रेमाचा ज्ये. भाषांतरात त्याचं नुसतं 'संकट' होतं. पण हा शब्द बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमध्ये गेलेल्या आपल्या 'कल्प' या शब्दाचं आखूड झालेलं रूप आहे. कल्पाच्या अखेरीस जग जळून नष्ट होतं, म्हणून कालमापनाचा शब्द सरकत सरकत आपत्तीचा झाला. मालिकांतल्या खलनायकांच्या कुळाचं नाव 'मो'. त्यासाठीचं चिनी अक्षर खास 'मार' या शब्दाकरता घडवलं गेलं. वरच्या अंगाला 'मा' हा ध्वनी, खाली 'भूत' या अर्थाचं चिन्ह. मार म्हणजे बोधिवृक्षाखाली बसलेल्या सिद्धार्थाला डळमळीत करायला आलेला तो. अजिंठ्याच्या २६ क्रमांकाच्या लेण्यात तो आपल्या सैन्यासह आणि कन्यांसह दगडात कोरलेला आहे. संस्कृतात मार हे मदनाचंही नाव आहे. त्यामुळे 'मो' कुळाचा अधिपती या मालिकांत पुन्हा पुन्हा प्रियकर होऊन येतो तेव्हा मदन जणू आपल्या मूळ कामावर परत आलेला असतो.

'इटर्नल लव्ह'च्या मूळ चिनी नावात 'तीन जन्म' आहेत. मागचा, हा आणि पुढचा, ही कल्पनाही बौद्ध धर्माच्या वाटेनंच तिकडे पोचली. तीन जन्मांची शिळा म्हणून दाखवला जाणारा खडक हांगचौ शहराजवळ थ्येनचू नावाच्या विहारांच्या परिसरात आहे आणि थ्येनचू हे चिनी भाषेतलं भारताचं जुनं नाव. ताटातुटीची त्यांची सर्वांत जुनी गोष्ट तर आपण रोज रात्री डोक्यावर पाहतो. विणकर स्वर्गकन्या आणि गुराखी यांना स्वर्गानं नदीच्या दोन काठांवर टाकलं. वर्षातून एकदा, सातव्या महिन्याच्या सातव्या रात्री, पक्ष्यांच्या पुलावर त्यांची भेट. ती नदी म्हणजे आकाशगंगा; ती कन्या म्हणजे आपला अभिजित तारा आणि गुराखी म्हणजे श्रवण.

आता एक प्रसंग जवळून पाहू, कारण या प्रकाराची ताकद सारांशात सापडत नाही. 'अ‍ॅशेस ऑफ लव्ह' (२०१८, ६३ भाग). फुलांची देवी मरताना आपल्या नवजात मुलीला, जिन मीला, एक गोळी गिळायला लावते. ही गोळी पोटात असेपर्यंत तिला प्रेम कळणार नाही. आईनं प्रेमात जे भोगलं ते मुलीच्या वाट्याला येऊ नये म्हणून केलेली ही तजवीज. मुलगी हसरी, खादाड, व्यवहारी वाढते. जखमी अग्निदेव श्यू फंग तिच्या दारात पडतो, तिच्यावर जीव टाकतो. तिला त्याच्यासोबत बरं वाटतं, पण या 'बरं वाटण्याला' नाव काय ते तिला ठाऊक नाही. पुढे तिचा बाप मारला जातो आणि खून श्यू फंगनं केला अशी तिची खात्री पटवली जाते. दुसऱ्याशी ठरलेल्या स्वतःच्या लग्नाच्या दिवशी, लग्नाच्या वेशात, ती श्यू फंगच्या मागून येते आणि त्याच्या शक्तीचा मणी जिथे आहे बरोबर तिथेच सुरा खुपसते. ती जागा तिला ठाऊक असते, कारण त्याच्या इतक्या जवळ तिच्याशिवाय कुणी गेलेलंच नाही. तो विखरून जातो. आणि मग तिला उबळ येते. रक्ताबरोबर ती गोळी बाहेर पडते.

यानंतर मालिका तिला एकही मोठा संवाद देत नाही. इतक्या वर्षांचं साचलेलं प्रेम, अपराध आणि विरह तिला एकाच क्षणी कळतो, आणि ज्याला सांगायचं तो तिनंच संपवलेला असतो. अभिनेत्री यांग झ हा प्रसंग चेहऱ्यापेक्षा श्वासानं करते. छातीत काहीतरी दुखतंय, पण ते काय हे न कळणाऱ्या माणसासारखी ती स्वतःची छाती चाचपत राहते. 'मला माझ्या भावना उशिरा कळल्या' हे वाक्य कुठल्याही सामाजिक मालिकेत फिकं पडलं असतं. इथे तीच गोष्ट एका गोळीत घालून प्रेक्षकाच्या हातावर ठेवली आहे. कल्पनारम्यतेचा खरा उपयोग हा. मनातली गोष्ट वस्तू होते. तिला वजन येतं, ती फुटते, ती सांडते.

'लव्ह बिटवीन फेअरी अँड डेव्हिल'मधली युक्तीही अशीच. दोंगफांग छिंगत्सांग हा ३० हजार वर्षं बंदिवासात असलेला, सर्वांना धाक असलेला अधिपती. लहानपणीच बापानं त्याच्या भावना उपटून काढलेल्या, शस्त्र म्हणून वाढवलेला. एका अपघातानं त्याच्यावर असा मंत्र बसतो की त्या दफ्तरातल्या परीला जे लागेल, खुपेल, रडवेल ते त्यालाही भोगावं लागतं. तिला कुणी ढकललं की तो धडपडतो. ती रडली की याच्या डोळ्यांतून पाणी येतं आणि हे काय होतंय ते त्याला समजत नाही. सुरुवातीला तो तिला जपतो तो केवळ स्वतःला त्रास नको म्हणून. पुढे त्याच त्रासातून त्याला माणूस कळतो. बलवान माणसाला दुबळ्याचं दुःख शब्दशः अंगानं भोगायला लावणं, ही इच्छा कुठल्या सुनेच्या, कुठल्या कारकुनाच्या मनात कधी आलेली नसते?

मी या ओढीला पळवाट म्हणायला तयार नाही ते यामुळेच. सासू-सासऱ्यांचं आजारपण काढणं, मुलांसाठी नोकरी सोडणं, नवऱ्याच्या बदलीबरोबर गावं बदलणं, घरातल्या प्रत्येकाचा मूड सांभाळत वर्षं काढणं, या सगळ्याची नोंद आपल्या समाजात कुठल्या वहीत होते? 'त्यात काय एवढं' या तीन शब्दांत ती वही बंद होते. श्येनश्या मालिकेत रक्ताचा एक थेंबही 'त्यात काय एवढं' होत नाही. तो कुणी दिला, कुणासाठी दिला, दिल्यामुळे तिच्यात किती कमी झालं हे जगाला कळतं, आणि ज्याच्यासाठी दिला त्यालाही एक दिवस कळतंच. तो दिवस यायला चाळीस भाग लागले तरी प्रेक्षक थांबतो. त्याला चमत्कार नको असतो, पावती हवी असते.

यावरचा सर्वांत गंभीर आक्षेप मला टाळता येणार नाही. या मालिका दुःख सजवतात, विशेषतः बाईचं. 'इटर्नल लव्ह'मध्ये बाय छ्येन शक्ती आणि स्मृती गमावून सू सू नावाची साधी मर्त्य मुलगी होते, स्वर्गाचा युवराज ये हुआ तिच्याशी लग्न करतो आणि तिला स्वर्गात नेतो. तिथे ये हुआची अभिलाषा धरणारी सू जिन तिच्यावर कट रचते, स्वतःचे डोळे गेल्याचा आळ तिच्यावर घालते आणि भरपाई म्हणून सू सूचे डोळे काढून सू जिनला दिले जातात. काढणारा हात ये हुआचा. तिला मोठ्या शिक्षेपासून वाचवायला हाच मार्ग होता, असं मालिका सांगते. हे समर्थन मला पटत नाही आणि पटूही नये. प्रेमापोटी केलेली हिंसा ही हिंसाच.

पण याच मालिकेनं पुढे काय केलं तेही पाहायला हवं. मूल झाल्यावर सू सू स्वर्गाच्या कड्यावरून उडी टाकते, पुन्हा बाय छ्येन होते आणि औषध घेऊन सगळं विसरते. तीनशे वर्षांनी स्मृती परत येते तेव्हा ती रडत बसत नाही. ती सरळ सू जिनकडे जाते आणि आपले डोळे परत घेते. क्षमा नाही, उपदेश नाही, मोठेपणा नाही. ये हुआलाही सूट नाही. तिच्या मुलुखाच्या दाराशी त्याला ताटकळत राहावं लागतं. बाईनं सोसलं म्हणून ती थोर, असं सांगणाऱ्या गोष्टी आपल्याकडे पोत्यानं आहेत. सोसलेलं बाईनं वसूल केलं, असं सांगणारी गोष्ट विरळा. शिवाय ही बाई १ लाख ४० हजार वर्षांची आहे आणि नायक ५० हजारांचा. वयानं एवढी मोठी नायिका आणि तिच्यामागे फिरणारा धाकटा नायक आपल्या किती मालिकांनी दाखवला?

या प्रकारातल्या वाईट मालिका ओळखायची खूणही याच हिशेबात आहे. जिथे दर बदलतात तिथे मालिका कोसळते. मूळ आत्मा विखुरला की परत येणं नाही असं दहाव्या भागात सांगायचं आणि तिसाव्यात एखाद्या आजोबा-देवाच्या पेटीतून दिवा काढून तो परत आणायचा. असं एकदा झालं की पुढच्या मरणांना प्रेक्षक भीत नाही. स्मृतिभ्रंश एकदा आला तर कथा पुढे सरकते, तिसऱ्यांदा आला तर लेखक पानं भरतोय हे कळतं. सगळं पाप एका मत्सरी दुय्यम नायिकेच्या पदरात टाकून नायकाला स्वच्छ ठेवणं ही आणखी एक चोरवाट. 'इटर्नल लव्ह'ही शेवटी घसरते. ये हुआ घंटेतल्या त्या जुन्या शत्रूला संपवताना मरतो, ते मरण पूर्ण मोजून दिलेलं आहे. त्याचं परत येणं मात्र घाईनं उरकलं आहे. शेवट गोड करायला हिशेब मोडला. मोठ्या मालिकेतला हा मोठा दोष आहे.

आणखी एक गोष्ट सलते. शेवटच्या टप्प्यावर बहुतेक नायकनायिका आपलं प्रेम 'त्सांगशंग'साठी, म्हणजे समस्त प्राणिमात्रांसाठी, सोडून द्यायला निघतात. त्यागाची ही हाक चीनच्या जुन्या परंपरेत आहे हे खरं. पण व्यक्तीनं समूहापुढे मान तुकवावी हे तिथल्या सरकारलाही सोयीचं असतं. स्वर्गाचा सम्राट निष्ठुर असतो, नियम अन्यायाचे असतात, तरी मालिका संपते तेव्हा सिंहासन तिथेच असतं, फार तर बसणारा बदलतो. प्रेक्षकानं हे डोळे उघडे ठेवून पाहावं.

सरकारचा हात नुसता आशयावर नाही, मालिकेच्या घडणीवरही आहे, आणि इथे मराठी मालिका करणाऱ्यांनी लक्ष द्यावं असं बरंच आहे. चीनमध्ये टीव्ही मालिकेला प्रसारणाचा परवाना हवा तर संपूर्ण मालिका तपासणीसाठी सादर करावी लागते. म्हणजे पहिला भाग लोकांपुढे येण्याआधी शेवटचा भाग तयार असतो. नियम सेन्सॉरशिपसाठी आहे आणि त्याचे तोटे उघड आहेत. पण त्याचा एक अनपेक्षित फायदा गोष्टीला झाला. दुसऱ्या भागात दिलेल्या रक्ताचं काय होणार हे लेखकाला ठाऊक असतं. आपल्याकडे दैनंदिन मालिकेची जेमतेम काही भागांची बँक असते, दर आठवड्याला टीआरपी येतो आणि त्यानुसार ट्रॅक वळतो. नायिकेनं जानेवारीत केलेला त्याग जूनमध्ये कुणाच्या लक्षात नसतो, कारण जूनमधले भाग जानेवारीत कुणाच्या डोक्यातच नव्हते. लेखक कमी पडतात असं मी म्हणत नाही. न संपणाऱ्या गोष्टीत कर्ज फेडायचा दिवस येतच नाही.

फेब्रुवारी २०२०मध्ये चीनच्या प्रसारण नियामकानं मालिका ४० भागांच्या आत ठेवाव्यात असं सुचवलं. आधीच्या काळात ५८, ६३ भाग सहज होत आणि त्यातले दहाएक पाणी घातलेले असत: जुन्या दृश्यांची उजळणी, दुय्यम जोड्यांची रडारड. मर्यादा आल्यावर काही निर्मात्यांनी पळवाट काढली. एकच कथा कापून दोन पर्व किंवा दोन वेगळ्या नावांच्या मालिका. ज्यांनी प्रामाणिकपणे गोष्ट आवळली त्यांना लाभ झाला. दोंगफांग छिंगत्सांगची मालिका ३६ भागांत आटोपते आणि तिच्यात काढून टाकावासा भाग शोधावा लागतो.

पैशाचं गणितही पाहण्यासारखं. एकेकाळी तारे बहुतांश बजेट गिळत आणि उरलेल्यात ड्रॅगन उडवावा लागे. चिनी प्रेक्षक अशा कामाला 'पाच माओचे इफेक्ट' म्हणतात, म्हणजे अर्ध्या युआनचे. २०१७मध्ये मर्यादा ठरवली गेली: कलाकारांचं एकूण मानधन निर्मितीखर्चाच्या ४० टक्क्यांच्या वर नको आणि त्यातही मुख्य कलाकारांचा वाटा ७० टक्क्यांच्या आत. तरीही चेहऱ्यावरची रंध्रं पुसून टाकणारे फिल्टर, कपाळावर चिकटवलेल्या विगची दिसणारी कड, हिरव्या पडद्यापुढे उभं राहिल्याचं सांगणारा सपाट प्रकाश, हे सगळं अजून दिसतंच. उलट पैसा नीट वापरला की काय होतं ते २०२३च्या 'टिल द एंड ऑफ द मून'मध्ये दिसतं. तिची वेशभूषा चीनमधल्या दुनहुआंगच्या बौद्ध लेण्यांतल्या भित्तिचित्रांवरून घेतली आहे. ज्या बौद्ध चित्रपरंपरेनं अजिंठा घडवला तीच मध्य आशियातून प्रवास करत दुनहुआंगला पोचली. त्या उडत्या उत्तरीयांना 'उडत्या साड्या' म्हणून हसणाऱ्यांनी आपल्याच लेण्यांतल्या आकाशचारी गंधर्वांकडे एकदा मान वर करून पाहावं.

राजकीय आक्षेप आहे, आणि तो पोरकट नाही. जून २०२०मध्ये गलवानला आपले २० जवान गेले. त्याच महिन्यात सरकारनं ५९ चिनी अ‍ॅप्स बंद केली आणि नोव्हेंबरमध्ये आणखी ४३. त्यात चिनी मालिका दाखवणारं वीटीव्हीही होतं. ज्यांच्या घरातला माणूस सीमेवर आहे त्यांना या मालिका नकोशा वाटत असतील तर त्यांच्याशी वाद घालायचा अधिकार कुणालाच नाही. पण आपली माहिती कुणाच्या सर्व्हरवर जाते हा प्रश्न वेगळा आणि दुसऱ्या समाजाच्या गोष्टी पाहाव्यात का हा वेगळा. नेटफ्लिक्स, विकी (आशियाई मालिका दाखवणारं संकेतस्थळ) आणि यूट्यूबवर या मालिका उघडपणे उपलब्ध आहेत. शेजाऱ्याच्या मनात काय चालतं हे न समजून घेण्यात शहाणपण नाही, भांडण असताना तर नाहीच.

मला खरी खंत आहे ती भाषेची. मराठी प्रेक्षक या मालिका इंग्रजी ओळींतून पाहतो आणि त्यात निम्मा ऐवज गळून जातो. 'श्यूवेइ' म्हणजे साधनेनं साठलेलं बळ. इंग्रजीत त्याचं 'कल्टिव्हेशन', म्हणजे शेतीची मशागत होते. मराठीत 'तप' किंवा 'पुण्याई' हे शब्द तयार आहेत. 'शफू' या शब्दात गुरूही आहे आणि बापही, म्हणून गुरुशिष्यांमधलं प्रेम हा तिथे एवढा मोठा अपराध. इंग्रजीतल्या 'मास्टर'मध्ये बाप नाही, त्यामुळे अपराधही नाही. दोंगफांग छिंगत्सांग स्वतःला 'मी' म्हणत नाही, 'बन त्स्वो' म्हणतो, शब्दशः 'हे आसन'. मराठी अनुवादक तिथे 'आम्ही' लिहील आणि ज्या भागात तो पहिल्यांदा त्या परीपुढे साधा 'मी' वापरेल तिथे 'मी' लिहील. एका सर्वनामात त्याचा पालट कळेल. तू, तुम्ही आणि आपण यांतला फरक मराठी माणसाला शिकवावा लागत नाही. विकीवर ओळींचा अनुवाद मुख्यतः हौशी मंडळीच करतात. चिनी येत नसेल तर इंग्रजीवरून करावा लागेल, पण मग निदान वर सांगितलेले वीस-पंचवीस शब्द मूळ अर्थानिशी टिपून, एकच मराठी प्रतिशब्द ठरवून तो मालिकाभर पाळावा. पहिल्या भागात 'तप', सातव्यात 'शक्ती', विसाव्यात 'ऊर्जा' असं झालं की दर पुन्हा बदलले, आणि मग हिशेब लागत नाही.

एकच ओळ घ्या. या मालिकांत ताटातुटीच्या वेळी पुन्हा पुन्हा येणारे चार शब्द आहेत, 'ल्यांग बू श्यांग छ्येन'. दोघांपैकी कुणाचंही कुणाकडे काही देणं उरलं नाही. डोळे गमावलेली सू सू स्वर्गाच्या कड्यावर उभी आहे, डोळ्यांना पांढरी पट्टी, खाली धुकं. तिच्या तोंडी हा आशय मराठीत द्यायचा तर दोन वाटा आहेत. 'आपला ऋणानुबंध संपला' असं लिहिता येईल, पण ते चूक ठरेल. तिच्या बाजूनं फक्त देणं फिटलेलं आहे, अनुबंध नाही, आणि हे तिला ठाऊक नसलं तरी अनुवादकाला ठाऊक हवं. अर्ध्याहून अधिक मालिका अजून बाकी आहे. तिथे एवढंच लिहावं: 'देणं फिटलं.'